गिटारचा पट्टा आणि माझं पोट

माझ्या हातात कारागिरी नाही, हे मी सोडून घरातल्या सगळ्यांना ठाऊक आहे.

मी मुरुमला ज्या शाळेत शिकवतो, तिथंच माझी मुलगी रेवा शिकते. त्या दिवशी संध्याकाळी पाचला गॅदरिंगमध्ये ती गिटार वाजवणार होती. आदल्या दिवशी पट्टा निसटून गिटार पडता पडता वाचली, म्हणून तिनं स्ट्रॅप लॉक आणली होती. एक बटण स्क्रूनं गिटारला बसवायचं, एक कडी पट्ट्याला. दोन्ही खट्‌कन जुळतात, मधली पिन दाबली की सुटतात.

"पप्पा, हात लावू नका. नाचाची तालीम झाली की येऊन मी बसवते," असं बजावून ती गेली.

मी लगेच हात लावला.

जुना स्क्रू काढताना भोकच मोठं झालं. (आधी उलटा फिरवायचा होता, मी सुलटा फिरवला.) नवा स्क्रू त्यात भोवऱ्यासारखा गरगरायला लागला! मग भोकात काडीपेटीतल्या काड्या ठोकल्या, वर झटपट चिकटणारा गोंद ओतला. जरा जास्तच ओतला. मजबुती बघावी म्हणून पट्टा पाठीवरून घेतला, श्वास आत ओढला आणि लॉक लावलं. खट्‌! काय ते समाधान!

श्वास सोडला तेव्हा घोळ कळला. पट्टा रेवाच्या मापाचा होता, पोट माझ्या मापाचं. पिन दाबली. ढिम्म! गोंदानं लॉकच चिकटलं होतं. डोक्यावरून काढायला गेलो, तर गिटार हनुवटीखाली रुतली.

"सुनंदाऽऽ!"

बायको पोळपाट सोडून आली. माझ्याभोवती एक फेरी मारून म्हणाली, "अवो, पण अंगात घातलीच कशाला?"

तेवढ्यात नातीचा कार्यक्रम बघायला माकणीहून सासरे आले. दारातच थबकले. "जावईबापू, आज तुमचंबी हाय व्हय?"

"नाही मामा, अडकलोय!"

"मंग तेल सोडा की! मोटारीचं नट असंच सुटतंय."

सासऱ्यांनी वाटीभर शेंगदाण्याचं तेल सोडलं. लॉक सुटलं नाही. मला मात्र भज्यांचा वास यायला लागला.

"पट्टा कापू का?" सुनंदा म्हणाली.

"रेवा जीव घेईल!"

"मग तुमाला कापू?"

इतक्यात रेवाचा फोन. "पप्पा, तालीम लांबलीय. गिटार घेऊन या, लवकर!"

आता गिटार जायलाच हवी, आणि ती माझ्याशिवाय जाईना. शेवटी सुनंदाच्या स्कूटीवर मागं बसलो. सासरे त्यांच्या मोटारसायकलवर, मागोमाग. बाजारात भाजीवाली ओरडली, "मास्तर, कुणाचं लगीन हाय वो?"

शाळेच्या फाटकात रेवानं मला पाहिलं आणि डोळेच मिटले. मग माझ्या पाठीमागं आली, पट्ट्यावरचं बक्कल सरकवलं. पट्टा हातभर सैल झाला, गिटार गुडघ्यावर आली आणि मी बाहेर! आम्हा तिघांचं वय मिळून दीडशेच्या वर. ते बक्कल एकालाही दिसलं नव्हतं.

रेवानं मात्र गिटार अशी वाजवली, की सासऱ्यांनी दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली. मी सुनंदाला कोपरानं ढोसलं. "बघ, निसटला का पट्टा?"

"कसा निसटंल? आता गिटार मोडंल, पण पट्टा न्हाय निसटायचा!"

तेव्हापासून पोरं मला 'गिटारवाले सर' म्हणतात. कुणी वाजवायचा आग्रह केलाच, तर मी नम्रपणे सांगतो, "वाजवत नाही बाबा, मी नुसती घालतो."