द्वारकाबाईंनी ओळखलेला श्वास

त्रेचाळीस सालच्या थंडीत राजूरच्या सुईण द्वारकाबाई धावतच कचरूच्या अंगणात शिरल्या. त्याची चार वर्षांची तारा परवापर्यंत शेळीमागं हुंदडत होती, आज तापानं फणफणली होती. पोटावर डाग द्यायला कचरूनं सळई तापवली होती. द्वारकाबाईंनी पोरीचा झगा वर केला. दर श्वासाला बरगड्यांखाली खळगा पडत होता, नाकपुड्या फुलत होत्या. डाग देऊनही अशी तीन लेकरं गेलेली त्यांनी पाहिली होती.

"फेक ती सळई! छाती भरलीय पोरीची, डागानं न्हाई मोकळी व्हायची. गाडी जुंप, जल्दी!"

भोकरदनच्या दवाखान्यात डॉक्टरांनी छातीला नळी लावून ऐकलं. "न्यूमोनिया. बराबर वेळेवर आणलंत. यावर आता नव्या गोळ्या निघाल्यात."

दर चार तासांनी गोळी कुटून पाण्यातून पाजली. द्वारकाबाई उशापासून हलल्या नाहीत. तिसऱ्या सकाळी खळगा दिसेना! त्यांनी पुन्हा पुन्हा निरखून पाहिलं. तेवढ्यात तारा म्हणाली, "आजी, भूक लागली."

"कचरू, ऐकलंस का रं!" द्वारकाबाई ओरडल्याच, अन् वऱ्हांड्यातले रोगी उठून बसले.

गावी परतताच त्या घरोघरी गेल्या आणि लेकराचा झगा वर करून श्वास कसा बघायचा, ते आयांना शिकवू लागल्या.