पंखाची रुंदी

"हे आपले हात," असं म्हणत सर विमानाच्या पंखाखाली उभे राहायचे आणि दोन्ही हात आडवे पसरायचे. "जमिनीवर असताना आपण टोकापासून टोकापर्यंत एवढे रुंद. विसरायचं नाही."

शहाद्याजवळच्या धावपट्टीवर लहान विमानं चालवायला शिकवत. मी तिथे कार्यालयात होतो. सर तिथले प्रशिक्षक, म्हसावदच्या शेतकऱ्याच्या घरातले. नव्या मुलांना कधी एकदा वर जातो असं झालेलं असे. सर त्यांना आधी जमिनीवरच फिरवत. कोणी वेग वाढवला की विचारत, "का रे, यष्टी चुकतेय?"

तुम्ही त्यांना बाजारात जीप मागे घेताना पाहायला हवं होतं. दोनदा उतरून मागे बघून येत. केळीचे ट्रॅक्टरवाले भोंगे वाजवून वाजवून थकत, तर सर त्यांनाच विचारत, "जाई का रे गाडी?"

अशा माणसाच्या हातून ते घडलं.

त्या दिवशी वारा वाढत चालला होता आणि एका विद्यार्थिनीचं उड्डाण राहिलं होतं. धावपट्टीकडे जायच्या वाटेलगत दुसरं एक विमान दुरुस्तीसाठी उभं होतं. आमचा मेकॅनिक स्टुलावर चढून त्याचं इंजिन बघत होता. मुलीने विमान थांबवलं. शेजारी सर बसलेले.

"सर, पंख जाईल ना?"

"जाईल गं, चल."

पंखाचं टोक उभ्या विमानाच्या शेपटीला लागलं. आवाज तसा मोठा झाला नाही. पण ते विमान जागच्या जागी फिरलं, स्टूल उडालं आणि मेकॅनिक उजव्या कोपरावर पडला.

चौकशीत मुलगी म्हणाली, "माझा अंदाज चुकला." सर लगेच उभे राहिले. "तिने मला विचारलं होतं. चल मी म्हणालो." मुलीचं शिक्षण चालू राहिलं. सरांनी मात्र पुन्हा विमानात पाय ठेवला नाही.

मेकॅनिकच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली. सर रोज संध्याकाळी त्याच्या घरी जात, खाटेजवळ बसत आणि त्या हाताकडे बघत राहत. बोलणं एवढंच.

"कसा शे हात?"

"बरा शे, सर."

मेकॅनिकची बायको चहा करून करून कंटाळली. एके दिवशी मी तिथेच होतो. मेकॅनिक एकदम म्हणाला, "सर, एक सांगू? तुम्ही उनात का मन्हा हात जास्त दुखस."

आपण आलो की याचा हात जास्त दुखतो, हे ऐकून सर उठले, चपला घातल्या आणि निघून गेले. आठवड्याभरात त्यांनी नोकरी सोडली.

मेकॅनिक कामावर परतला, पण त्याचं कामात लक्ष लागेना. "मी असं बोलाले नको व्हतं," हेच चाललेलं. शेवटी आम्ही दोघं म्हसावदला गेलो. सर केळीच्या बागेत पाणी सोडत होते. त्यांची नजर आधी मेकॅनिकच्या कोपराकडे गेली आणि मग खाली वळली.

"सर, पाणी प्यायाले द्या," मेकॅनिक म्हणाला.

सरांनी तांब्या भरून आणला. मेकॅनिकने मुद्दाम उजवा हात पुढे केला. तांब्या छातीपर्यंत आला आणि तिथेच अडकला, कोपर पुढे वाकेना. पाणी शर्टावर सांडू लागलं. सरांनी खालून हात लावला आणि तांब्या त्याच्या ओठांपर्यंत नेला. तो सगळं पाणी पिऊन होईपर्यंत त्यांनी तो तसाच धरून ठेवला.