किलब्रॅननची भट्टी

सोळाशे एक्केचाळीसच्या हिवाळ्यात लंडनमध्ये आयर्लंडच्या बंडाच्या बातम्या धडाधड खपत होत्या, आणि त्यातल्या बऱ्याच मी माझ्या खोलीत शेकोटीशी बसून लिहीत होतो. आयर्लंड मी पाहिलेलं नाही. मला थेम्स ओलांडतानाही मळमळतं. पण वर ‘एका विश्वासू सद्गृहस्थाच्या पत्रावरून’ एवढं छापलं की माझ्या लेखणीला समुद्र आडवा येत नसे.

माझी ही बातम्यांची चोपडी सेंट पॉलच्या चर्चच्या आवारात टॅमसिन हॉब्ज विकायची. बाई फटकळ, विधवा. तिला वाचता येत नसे. मी मथळा वाचून दाखवायचा, तिने तो ओरडायचा. माझ्या कल्पनेतल्या कत्तलींत ती असा जीव ओतायची की ऐकून मलाच धडकी भरे. तिचा एकुलता एक मुलगा निक आयर्लंडात किलब्रॅननला पाव भाजायचा. बंड झाल्यापासून त्याचा निरोप नव्हता. ती रोज विचारायची, “मास्तर, किलब्रॅननचं काही?”

एकदा मला राहवलं नाही. मी लिहून टाकलं, किलब्रॅनन सुखरूप आहे आणि तिथल्या भट्टीतून रोज पाव निघतो आहे. तिने ते दोनदा वाचायला लावलं. मी स्वतःवर बेहद्द खूश झालो.

काही दिवसांनी दुसऱ्या छापखान्याचं चोपडं हाती लागलं. त्यातही किलब्रॅनन सुखरूप! दुसऱ्यांच्या बातम्या उचलण्यात हयात घालवलेला मी, टोपी विसरून धावत सुटलो.

“टॅमसिनबाई, आता दुसऱ्यानंही छापलंय. तुमचा निक जिवंत आहे.” मी वाचू लागलो आणि भट्टीतून रोज निघणाऱ्या पावापर्यंत आलो. शब्दन्‌शब्द माझाच होता.

“मास्तर,” ती म्हणाली, “ही भट्टी तुम्हीच पेटवलीत ना?”

मी चोपडं मिटलं. वारा उलटा होता, तिकडचं एकही गलबत आलं नव्हतं, हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हाच धक्क्यावरच्या हमालांनी तिला सांगितलं होतं, असं ती म्हणाली.

“मग बोलला का नाहीत?” मी विचारलं.

“तुम्ही इतक्या मायेनं वाचत होतात. आणि मलाही ऐकायचं होतं.”

मग तिने कत्तलींचा गठ्ठा बाजूला सारला, माझं ते जुनं चोपडं काढलं आणि दिवसभर ‘किलब्रॅनन सुखरूप’ एवढंच ओरडत राहिली. लोकांना कत्तलच हवी होती. कुणी थांबलं नाही. संध्याकाळी एक प्रत खपली. ती मीच घेतली, आणि घरी जाऊन तेवढीच ओळ पुन्हा वाचली.