मिठागराच्या बांधावरचा बॉल

खाऱ्या चिखलाचा वास आला की मला धाकट्या बहिणीची ती निवड चाचणी आठवते. बाबा मिठागरात मीठ ओढायचे, घरात एकाच्याच कॉलेजचा खर्च निघायचा आणि तो माझ्यावर चालला होता. धाकटीला पुढे शिकायचं तर खारघरच्या एका कॉलेजात फुटबॉलच्या जोरावर फी माफ होणं, एवढाच रस्ता होता. चाचणीला आधी धावायला लावलं. उंच, दणकट मुली सुसाट गेल्या, ही पार मागे राहिली. "फारच बारीक आहे हो, जोर नाही," सर म्हणाले. कुंपणाबाहेरून बाबा ओरडले, "सर, ती घोडी नाय, खेळाडू हाय! बॉल तर द्या तिला!" सगळे हसले, सरांनीही हसतच बॉल टाकला. धाकटी लहानपणापासून मिठागराच्या हातभर रुंद बांधावर खेळलेली; पाय जरा जोरात लागला की बॉल पाण्यात. त्या दणकट मुली अंगावर आल्या आणि ही त्यांच्यामधल्या एवढ्याशा फटीतून बॉल घेऊन निघाली, जणू दोन्ही बाजूंना पाणीच आहे. बॉल पायापासून वीतभरही लांब गेला नाही. रोज बघितलेली माझीच बहीण, पण मी आ वासून बघत राहिलो. सर शिट्टी फुंकायची विसरले. "कुणी शिकवलं गं हे?" "कुणी नाय सर, बांधावर खेळते." आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. यंदा त्याच कॉलेजातून धाकटी दुसरी पदवीधर झाली.