मोठी सर येता हा

पावसाळ्यात मुलांनी शाळेत जायचे की नाही हे कुणीतरी वर बसून ठरवते, असे मुलुंडच्या आमच्या सोसायटीत फक्त नवे भाडेकरू मानत. बाकी सगळ्यांना ठाऊक होते की ते माझ्या समोरच्या दारातले काका ठरवतात. त्यांचा हवामानाशी संबंध एवढाच, की बालपण देवगडच्या बाजूला गेले होते. नोकरीची सगळी वर्षे, आधी गिरणीत आणि मग भांडुपच्या कारखान्यात, छपराखालीच गेली. तरी मुसळधार पावसाच्या सकाळी बूट घातलेली मुले पुढ्यात घेऊन आया त्यांच्या दाराशी उभ्या राहत. काका स्वयंपाकघराच्या खिडकीतून हात बाहेर काढत, तळव्यावरचे पाणी चाखत आणि निकाल देत. अळणी लागले तर शाळा, तुरट लागले तर सुट्टी. हा ग्रिलचा गंज तर नसेल, असे मी एकदा विचारले. "तुम्ही पेपरवाले. तुमका गंजाचीच चव ठावूक," ते म्हणाले.

हवामान खात्याच्या इशाऱ्यांवर त्यांचा राग होता. ते चुकतात म्हणून नव्हे, रंगीत असतात म्हणून. "लाल, नारिंगी, पिवळो. पावस काय लुगडा नेसान येता?" त्यांचे स्वतःचे अंदाज निम्मे बरोबर येत, नाणे उडवले असते तरी तेवढेच आले असते. सुट्टी दिल्यावर ऊन पडले, तर काका त्या दिवशी खाली उतरत नसत. पण लोकांना अंदाज नको होता, जबाबदार माणूस हवा होता. मूल घरी राहून चाचणी बुडाली तर 'काका बोलले ना', शाळेत जाऊन अडकले तरी 'काका बोलले ना'. नवरा-बायकोंचे कितीतरी तंटे या एका वाक्यावर मिटले. काकांचेही यात काही अडले होते. काकी गेल्यापासून त्यांना घरात कोणी काही विचारत नसे. मुलगा-सून ऑफिसला जात, भाजी फोनवरून येई, टीव्ही लावायची पद्धतसुद्धा त्यांच्या नकळत बदलली होती. या मोजक्या सकाळी सोडल्या, तर त्यांच्या मताची गरज कुणाला उरली नव्हती, आणि हे त्यांना माहीत होते.

म्हणूनच सुनेने फोनला बोलून लिहायला शिकवल्यावर ते निकाल सोसायटीच्या ग्रुपवरही देऊ लागले. जुलैतल्या एका सकाळी त्यांनी फोनला सांगितले, "मोठी सर येता हा." फोनला मालवणी येत नव्हती. ग्रुपवर उमटले, 'मोठे सर येत आहेत'. पावसाची सर स्त्रीलिंगी, शाळेतले सर पुल्लिंगी, फरक एवढाच. पण सोसायटीतली बहुतेक मुले एकाच शाळेत, आणि तिथे मुख्याध्यापकांना मोठे सर म्हणतात. आज तपासणी आहे, ही बातमी जिन्यातून खाली पोचेपर्यंत पक्की झाली होती. नखे कापली गेली, भांग पाडले गेले, सर्दीने झोपलेली मुलेही इस्त्रीचे कपडे घालून निघाली. सोसायटीने इतकी पूर्ण हजेरी कधी दिली नव्हती. मग सर आली. शाळेची व्हॅन वाटेतच पाण्यात बंद पडली आणि मुले बापांच्या खांद्यावर बसून, बूट हातात घेऊन परतली. मोठे सर शाळेत आलेच नव्हते. त्यांच्या गल्लीत पाणी भरले होते.

"काका, काय लिहिलंत हे?" तिसऱ्या मजल्यावरच्या बाईने विचारले. तिची मुलगी अजून कुडकुडत होती.

"सर येता असा सांगितलंय. इली ना?"

"आली हो. आम्ही पोरांना नटवून तिच्या स्वागताला पाठवलं ना."

काकांचे पद मात्र या चुकीने गेले नाही. जबाबदार माणूस चुकला, तर उलट लोकांची सोयच होते. पद गेले ते पुढच्या पावसाळ्यात, शाळेने अतिवृष्टीच्या दिवशी वर्ग ऑनलाइन घ्यायचे ठरवले तेव्हा. आता ठरवण्यासारखे काही राहिले नाही. पाऊस वाढला की मुले वर गणवेशाचा शर्ट आणि खाली घरातली चड्डी अशा वेशात मोबाइलसमोर बसतात. अशा पहिल्याच सकाळी काका दाढी करून, दार उघडे ठेवून बसले होते. जिन्यात कुणाची चाहूल नव्हती. घराघरांतून एकाच बाईंचा एकच धडा ऐकू येत होता.

बऱ्याच वेळाने तिसऱ्या मजल्यावरची ती बाई ओल्या कपड्यांची बादली घेऊन वर आली. काकांच्या दाराशी थांबली.

"काका, गच्चीवर कपडे वाळत घालू का हो? आज उघडेल?"

पाऊस असा होता की समोरची विंग दिसत नव्हती. काकांनी तिच्याकडे पाहिले, बादलीकडे पाहिले आणि ते आत गेले. लवकर आले नाहीत. ती बादली खाली ठेवून उभी राहिली.

"आज नको," ते बाहेर येऊन म्हणाले. "उद्या इचार."