आप्पांचा तंबाखू-कर

कर भरताना ज्यांना मनापासून आनंद होतो अशी या जगात फार तर दोन माणसं असतील, आणि ती दोन्ही म्हणजे माझ्या बायकोचे निपाणीचे काका. सगळी गल्ली त्यांना आप्पा म्हणते. लोकांवर कर बसवतो तो एक आप्पा आणि तो सगळ्यांच्या आधी भरतो तो दुसरा आप्पा. दरवाढीच्या दिवसांत या दोघांचं आपापसात जुंपलं, की मध्ये पडायची हिंमत काकूंनाही होत नाही. कट्ट्यावर बसून स्वतःशीच तावातावाने बोलणारे आप्पा मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा नुकतंच माझं लग्न झालं होतं, आणि आपण कुठल्या घराण्यात येऊन पडलो या विचाराने मी पाणी मागून घेतलं होतं.

आप्पांचं उभं आयुष्य तंबाखूच्या वखारीत गेलं. पोत्यात हात घालून चिमूटभर चुरा नाकाशी नेला, की माल कुठल्या शिवारातला ते आप्पा सांगतात, अशी त्यांची ख्याती. माझ्यासमोर जेव्हा जेव्हा सांगितलं तेव्हा ते साफ चुकलं, पण अशा वेळी त्यांच्या चेहऱ्यावर चूक त्या शिवाराची असल्याचा भाव असे. मात्र तंबाखू मळावी ती त्यांनीच. डाव्या तळहातावर चिमूट, नखावर चुना, आणि मग अंगठा असा फिरायचा की समोरचा आपलं बोलणं विसरून बघत राहायचा. शेवटी थाप मारली की धूळ उडून निम्मी बैठक शिंकायची. मळलेली तंबाखू एकट्याने खायची नाही हा तिकडचा रिवाज. हात आधी शेजारच्यापुढे जाणार, त्याने चिमूट उचलल्यावर उरलेली आपल्या ओठाखाली. माझ्यापुढेही तो हात दर भेटीत यायचा. "घ्या पाव्हणं." मी बेळगावचा, शहापुरातला, त्यात शाळामास्तर. मी हात जोडायचो. मग जेवता जेवता पानावरून उठलेल्या माणसाकडे बघावं तसं आप्पा माझ्याकडे बघत.

हा कर सुरू झाला तो त्यांच्या खोकल्यामुळे. वखार सुटली तरी खोकला सुटला नव्हता, म्हणून गावातल्या एका लहानशा दवाखान्यात ते छाती दाखवायला गेले. तिथे शेजारच्या खोलीत दम लागलेली पोरं आयांच्या मांडीवर बसलेली, आणि औषधाची वाफ देणारं मशीन सगळ्यांत मिळून एक. आयांपैकी बऱ्याचजणी वखारीत तंबाखू चाळायला जाणाऱ्या. त्या आप्पांना ओळखत होत्या आणि अशा अवस्थेतही डोक्यावरचा पदर सारखा करत होत्या. आप्पा स्वतःची छाती न दाखवताच परत आले. "धूळ आमची आनि छाती त्या पोरांची," एवढंच काकूंना म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर एक पितळी पानाचा डबा ठेवला, झाकणाला चीर पाडलेला. या कट्ट्यावर जो कुणी तंबाखू मळेल, विडी ओढेल, त्यानं बसल्या जागी डब्यात नाणं टाकायचं. डब्याची किल्ली दवाखान्यातल्या सिस्टरकडे. किती जमले हे आप्पांनी कधी विचारलं नाही. आलेला कानडी बोलणारा असला तर कर कानडीत मागत, हिंदीवाला असला तर हिंदीत. कर मागायला त्यांना कुठल्याच भाषेची अडचण पडली नाही.

राज्य म्हटलं की कायदा आला आणि कायदा म्हटला की पळवाटा आल्या. कराची हद्द आपल्या कट्ट्यापुरती, असं आप्पांनीच सुरुवातीला जाहीर केलं होतं आणि तिथेच ते फसले. एका दिवाळीत त्यांनी दर वाढवला, तर दुसऱ्या दिवशी सगळी मंडळी रस्त्यापलीकडे शिंप्याच्या पायरीवर. तिथे बार भरायचा, भरल्या तोंडाने गप्पा मारायला इकडे यायचं आणि माल हद्दीबाहेरचा आहे असं हाताने खुणावायचं. सीमाभागात जन्म गेलेली माणसं, हद्द कुठे संपते हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. आप्पा आठवडाभर चरफडले आणि मग भरल्या तोंडाने हद्दीत शिरणाऱ्यांवर त्यांनी प्रवेशकर बसवला. भरल्या तोंडाने वाद घालता येत नसल्याने तो बिनविरोध मंजूर झाला.

खरा खटला घरात उभा राहिला. काकूंना सकाळ-संध्याकाळ मिश्री लागते, म्हणजे भाजलेली तंबाखू दाताला घासायची. "ह्ये दातवण हाय," काकू म्हणाल्या, "दात घासायला कर लावतासा? सरकारबी लावत न्हाय." आप्पांनी रीतसर सुनावणी घेतली आणि निकाल दिला, की घासून लगेच चूळ भरली तर दातवण, आणि तोंडात धरून शेजारणीशी बोलत बसलं तर तंबाखू. हा निकाल काकूंनी आजतागायत मानलेला नाही. मी तर कशाच्या अध्यात ना मध्यात, पण माझीही सुटका झाली नाही. चहातली साखर, कांदाभजी, दुसऱ्या वाटीचं श्रीखंड, तब्येतीला बाधेल ते सगळं कराच्या कक्षेत आलं. जावई म्हणून सूट मिळेल या आशेवर होतो, तर सासरी जावयाला जास्तच खायला घालतात या कारणावरून माझ्यावर अधिभार लागला.

आप्पांचं म्हणणं असं, की सरकारनेही हेच करावं. तंबाखूवर कर घेतातच, मग तो थेट पोरांच्या दवाखान्यात जावा आणि खाणाऱ्याला ते ठाऊक असावं. मी मास्तरकीला जागून विचारलं, "आप्पा, म्हणजे पोरांची औषधं लोकांच्या व्यसनावर अवलंबून ठेवायची? उद्या सगळ्यांनी तंबाखू सोडली तर दवाखाना कशावर चालणार?"

आप्पांनी थाप मारली. मी शिंकलो.

"सगळ्यांनी सोडली तर निम्मा दवाखाना मोकळाच हुईल की, पाव्हणं. उरलेल्या निम्म्याचं त्या दिवशी बघू. तवर मात्र मला खाल्ली पायजे. मी सोडली तर डबा लई हलका हुतोय." हे ते इतक्या गंभीरपणे म्हणाले की पोरांसाठीच बिचारे तंबाखूचा त्रास सोसत आहेत असं मलाही क्षणभर वाटलं.

मग ती दुपार आली. निपाणीत नात्यातलं लग्न होतं. दिवस तंबाखूच्या हंगामाचे, हवेत तो उग्र वास भरलेला. आमची जुई तेव्हा पहिलीत होती. तिला लहानपणापासून दम्याचा त्रास, पण बेळगावात औषधावर निभत होतं. इथे मांडवात खेळता खेळता ती खाली बसली ती उठेना. छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला, ओठांचा रंग बदलला. मी स्कूटरकडे धावलो. आप्पांनी पंगतीतून उठून तिला खांद्यावर टाकलं आणि माझ्या स्कूटरवर मागे बसले. "चला पाव्हणं, वाट मी सांगतो," म्हणाले. माझ्या पाठीला तिचा प्रत्येक ओढलेला श्वास लागत होता, आणि पुढचा लागेल की नाही एवढंच माझ्या डोक्यात होतं.

दवाखान्यात आता मशीन एक नव्हतं, डब्यातल्या नाण्यांनी घेतलेली ओळीने होती. त्यातलं एक मोकळं होतं. सिस्टरने जुईच्या तोंडावर मास्क लावला, मशीन घुरघुरू लागलं, आणि हळूहळू माझ्या पोरीच्या ओठांचा रंग परत आला. मी भिंतीला टेकून रडलो, हे सांगायला मला लाज वाटत नाही. त्या क्षणी निपाणीच्या बाजारातल्या प्रत्येक पिंक टाकणाऱ्याचे पाय धरावेत असं मला वाटत होतं. त्यांच्या नाण्यांवर माझी मुलगी श्वास घेत होती.

आप्पा दुपारभर तिच्या उशाशी बसले. चंची, म्हणजे त्यांची तंबाखूची पिशवी, लग्नघरीच राहिली होती आणि त्यांना त्याची आठवणही नव्हती. मास्क निघाल्यावर जुईला बोलायचं होतं.

"आज्जा, हे मशीन तुमच्या डब्यातून आलं?"

"व्हय गं बाळ."

"तुम्ही तंबाखू खाता म्हणून?"

"व्हय."

जुईने शेजारी बघितलं. तिथल्या मशीनवर दोन पोरं पाळीपाळीने वाफ घेत होती. ती विचार करून म्हणाली, "मग तुम्ही अजून खा ना. त्यांना पण होईल."

सिस्टर हसली, मी हसलो. आप्पा हसले नाहीत. लहान पोराने, नुकताच श्वास परत मिळालेल्या पोराने, त्यांना अजून तंबाखू खायला सांगितलं होतं, आणि तेही त्यांच्याच कायद्याला धरून. परतताना स्कूटरवर ते एकदाच बोलले, "पोरीनं आशीर्वाद दिला का काय केलं, मला कळंना झालंय बघा."

त्या दिवसापासून आप्पांनी तंबाखू सोडली. गल्लीत कुणाचा विश्वास बसला नाही, काकूंचा तर अजून पुरता बसलेला नाही. डबा मात्र हलका झाला नाही, कारण आप्पांनी स्वतःवर नवा कर बसवला, सोडल्याचा कर, आणि तो खाण्याच्या दुप्पट. सुटलेल्या माणसानं कशाला भरायचा, असं शिंप्याने विचारलं तर म्हणाले, "सुटल्याचं सुख हाय न्हवं? मग त्येच्यावर कर."

परवा निपाणीला गेलो होतो. आप्पा आता थकलेत, कट्ट्याच्या पायऱ्या थांबत थांबत चढतात. जुई त्यांना मागे टाकून धावत माडीवर गेली आणि वरून हाक मारू लागली. तिला जराही धाप लागली नव्हती. आप्पा मान वर करून तो आवाज ऐकत राहिले. ऐकता ऐकता त्यांचा डावा तळहात उघडला आणि अंगठा त्यावर फिरू लागला. हातात काही नव्हतं. तरी नेहमीसारखं मळून झालं, थाप मारून झाली, आणि सवयीने तो हात माझ्यापुढे आला.

"घ्या पाव्हणं," म्हणाले, आणि आपण काय केलं ते ध्यानात येऊन ओशाळले. हात मागे घेऊ लागले.

मी तो धरला. त्या रिकाम्या तळहातावरून चिमूट उचलली, ओठाशी नेली, आणि खिशातून नाणं काढून डब्यात टाकलं.