ऑर्विलच्या मापाच्या पुंगळ्या

चाळीस वर्षं गॅरेजमधल्या काडतुसं पुन्हा भरायच्या प्रेसचा दांडा लोर्नाने ओढला आणि शिकारीचं नाव झालं तिच्या बापाचं, ऑर्विलचं. मोंटानात हरणांचा हंगाम तोंडावर आला की ऑर्विल उडवलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या तिच्यापुढे ओतायचा. बार उडाला की पुंगळी फुगते आणि त्या बंदुकीच्या कोठीचं, काडतूस बसतं त्या पोकळीचं, माप घेते. इतर लोक अख्खी पुंगळी साच्यात दाबून पुन्हा दुकानी मापाला आणत. ऑर्विलला ते खपायचं नाही.

"गोळी धरते तो गळा तेवढा आवळ. अंगाला हात लावलास तर बघ! ही माझ्या बंदुकीची आहे, गावाची नाही."

म्हणून त्या पुंगळ्या दुसऱ्या बंदुकीत जातच नसत. लोर्नाची बंदूक त्याच नंबरच्या काडतुसाची, पण तिच्यातही नाही.

तिचं लग्न राहिलं, गाव सोडणं राहिलं. बापामागे ती बंदूक आपल्याला मिळेल, एवढंच धरून बसली होती वेडी. बापाने तसं कधी म्हटलंही नव्हतं.

मृत्युपत्रात बंदूक ड्वेनला गेली. हा धाकटा भाऊ फीनिक्सला घरं विकतो. वीस वर्षांत शिकारीला एकदाही फिरकला नव्हता. लोर्नाच्या वाट्याला प्रेस आणि पुंगळ्यांचे डबे आले.

ऑक्टोबरात तिने मान खाली घालून फोन केला. "ड्वेन, हंगामापुरती तरी दे रे बंदूक. पुंगळ्या तयार आहेत."

"अगं, ती विकली मी. कपाटात धूळ खात पडली होती."

"मला विचारायचंस तरी!"

"तुला कशाला? तुझी आहे की एक. आणि ते पितळ तूच ठेव हं, मला काही नको त्यातलं."

"केवढं मोठं मन रे तुझं," म्हणून तिने फोन आपटला.

तिला रडू आलं नाही. संताप आला, आणि तो मेलेल्या बापाचा. दुसऱ्या दिवशी सकाळीच तिने अख्खी पुंगळी दाबणारा साचा विकत आणला. एकेक पुंगळी वंगण चोळून ती आत ढकलू लागली. पितळ करकरत होतं, दांड्यावर सगळं वजन टाकावं लागत होतं. घाईत वंगण कमी पडलेली एक अडकून बसली; तिला ठोकून काढलं. दुपारपर्यंत डबे संपले.

शेवटची पुंगळी तिने आपल्या बंदुकीत घालून पाहिली. कोठीमागचा बोल्ट अलगद बंद झाला. आता ती त्या नंबरच्या कुठल्याही बंदुकीत बसली असती.